दयाळाचं गाणं आणि द्वारका चौक

फाल्गुन सरत आला की नाशकात दोन गाणी ऐकू येऊ लागतात. गंगापूर रोडच्या झाडांवरून कोकीळ ‘कुहू’चा सूर चढवत नेतो आणि उजाडायच्या आधी एखाद्या गच्चीच्या कठड्यावर काळा-पांढरा दयाळ शेपटी उभारून शीळ घालू लागतो. गाणारे दोघेही नर. मादीला बोलवायचं आणि दुसऱ्या नराला हद्दीबाहेर ठेवायचं, हे दोघांचंही काम. पण ही गाणी त्यांच्या गळ्यात उतरली ती अगदी निराळ्या वाटांनी.

कोकिळेचं पिल्लू कावळ्याच्या घरट्यात वाढतं. दिवसभर कानांवर कावकाव, तरी मोठं झाल्यावर नर ‘कुहू’च म्हणतो, कारण ते गाणं उपजत असतं. दयाळ मात्र गायक पक्ष्यांच्या गटातला. जगातल्या सुमारे १०,००० पक्षिजातींपैकी जवळपास निम्म्या या गटात येतात आणि या गटातले पक्षी गाणं ऐकून शिकतात.

हे नीट सिद्ध झालं १९५० च्या दशकात. केंब्रिजमध्ये विल्यम थॉर्प यांनी चॅफिंच पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांपासून अलग वाढवली. त्यांच्या हाताशी सोनोग्राफ हे नवं यंत्र होतं. ते आवाजाचं चित्र काढतं: आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर स्वराची उंची. एकट्याने वाढलेल्या पक्ष्यांची गाणी कागदावर उमटली तेव्हा लांबी साधारण बरोबर होती, पण आतली नक्षी गायब होती.

थॉर्प यांचे विद्यार्थी पीटर मार्लर पुढे कॅलिफोर्नियात गेले. सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरातल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरो या पक्ष्याची बोली काही मैलांवर बदलते, हे त्यांनी दाखवलं. पिल्लू साधारण १० ते ५० दिवसांचं असताना जे गाणं ऐकतं, तेच त्याच्या मनात मुरतं. त्यानंतर कितीही ऐकवलं तरी फारसा उपयोग होत नाही. १९६५ मध्ये मासाकाझू कोनिशी यांनी आणखी एक गोष्ट उघड केली. गाणं ऐकून झालेलं आहे, पण सराव सुरू होण्याआधी ऐकण्याची शक्ती गेली, तर तो पक्षी धड गाऊ शकत नाही. आधी वडीलधाऱ्यांचं ऐकायचं आणि मग महिनोन्‌महिने स्वतःचं ऐकत ते दुरुस्त करायचं, असा हा दुहेरी अभ्यास आहे. कोवळ्या पक्ष्याची सुरुवातीची अस्पष्ट कुजबुज तान्ह्या बाळाच्या बोबड्या बडबडीसारखीच असते.

गाण्याचं यंत्रही विलक्षण आहे. आपलं स्वरयंत्र श्वासनलिकेच्या वरच्या टोकाला असतं. पक्ष्यांचं तळाशी असतं, जिथे नलिका दोन फुप्फुसांकडे फुटते तिथे. त्याच्या दोन बाजू गायक पक्षी वेगवेगळ्या चालवू शकतात, म्हणून एकाच गळ्यातून एकाच वेळी दोन स्वर निघतात. दक्षिण सह्याद्रीच्या डोंगरमाथ्यांवरच्या जंगलांत, म्हणजे शोलांमध्ये, राहणाऱ्या एका छोट्या गायक पक्ष्याच्या गाण्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. जंगलतोडीमुळे अलीकडेच एकमेकांपासून तुटलेल्या टोळ्यांमध्ये हे यंत्र वापरण्याच्या पद्धतीतच फरक पडलेला आढळला. मधलं जंगल गेलं की पिढ्यांची शिकवणीही तुटते, याहून स्पष्ट पुरावा मला तरी ठाऊक नाही.

आता गोंगाटाकडे येऊ. वाहनांचा आवाज बहुतेक खालच्या पट्टीत, २,००० हर्ट्झच्या (हे स्वराच्या उंचीचं माप) आत एकवटलेला असतो. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन शहरात हान्स स्लाबेकोर्न आणि मार्ग्रीट पेट यांना दिसलं, की गजबजलेल्या भागातले ग्रेट टिट गाण्याचे खालचे स्वर वर नेतात. आपल्याकडच्या राखी वल्गुलीचा हा युरोपातला जवळचा भाऊबंद. बर्लिनमधले नाइटिंगेल गोंगाटात जास्त मोठ्याने गातात. इंग्लंडमधल्या शेफिल्डचे रॉबिन दिवसाच्या गलक्यामुळे रात्री गाऊ लागले. २०२० च्या टाळेबंदीत सॅन फ्रान्सिस्कोचा गोंगाट १९५० च्या दशकाइतका खाली आला, तेव्हा एलिझाबेथ डेरीबेरी आणि सहकाऱ्यांना तिथल्या व्हाइट-क्राउन्ड स्पॅरोंचा आवाज हळू झालेला आढळला. तरीही ते गाणं आधीच्या दुप्पट अंतरावर पोहोचत होतं.

या सगळ्यावरून पक्षी जुळवून घेतात, चिंता नको, असा अर्थ काढला जातो. मला तो पटत नाही. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात झीब्रा फिंचच्या पिल्लांना शहरी वाहतुकीचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवत वाढवलं गेलं. त्यांचं गाणं उशिरा घडलं, गुरूच्या गाण्याची नक्कल कमी बिनचूक झाली आणि रोगप्रतिकारशक्तीही मंदावली. मोठा पक्षी आवाज चढवू शकेल. पिल्लाला मुळात ऐकूच आलं नाही, तर ते शिकणार काय?

दयाळाचा विणीचा काळ साधारण मार्च ते जुलै. म्हणजे नाशकात लग्नसराईचे डीजे, मिरवणुका आणि मुंबई-आग्रा महामार्गाची वर्दळ हे सारं पिल्लांच्या शिकण्याच्या दिवसांतच येतं. सिंहस्थाच्या तयारीत तोडल्या जाणाऱ्या झाडांबद्दल लोक पोटतिडकीने बोलतात, आणि बोलायलाच हवं. त्याच झाडांखालच्या आवाजाचा विषय मात्र कुणी काढत नाही. निदान विणीच्या महिन्यांत गोदाकाठच्या आणि सोमेश्वरच्या झाडीजवळ पहाटे भोंगे बंद ठेवणं मुळीच अवघड नाही.

आवाजाचं चित्र काढणारी मोफत अ‍ॅप्स आता साध्या फोनवर चालतात. सकाळी साडेपाचच्या सुमारास सोमेश्वरला एका दयाळाचं गाणं टिपावं आणि महामार्गावरच्या गजबजलेल्या द्वारका चौकाजवळच्या एखाद्या सोसायटीत दुसऱ्याचं. एकेका पक्ष्यावरून निष्कर्ष निघत नाही, त्यामुळे दोन्हीकडचे बरेच नर हवेत आणि मुद्रणं तीन-चार हंगाम चालू राहायला हवीत. दोन्ही चित्रांत सर्वांत खालची रेघ किती हर्ट्झवर आहे, हे आधी पाहावं.