मैदानावरची फेरी आणि कामोओआलेवा

"पृथ्वीला म्हणे दुसरा चंद्र आहे," मामा म्हणाले. "खरंच आपल्याभोवती फिरतो का गं तो?"

आम्ही स. प. महाविद्यालयाच्या मैदानावर सकाळच्या फेऱ्या मारत होतो. म्हटलं, तोंडी सांगण्यापेक्षा चालूनच दाखवते.

मधल्या खेळपट्टीला आम्ही सूर्य मानलं. मामा पृथ्वी झाले. त्यांनी नेहमीच्या एकसारख्या चालीनं, खेळपट्टी डाव्या हाताला ठेवून गोल फिरायचं. मी झाले कामोओआलेवा, म्हणजे मामा म्हणत होते तो 'दुसरा चंद्र'. हा लघुग्रह २७ एप्रिल २०१६ रोजी हवाई बेटांवरच्या पॅन-स्टार्स दुर्बिणीतून सापडला, म्हणून नावही हवाईयन भाषेतलं. झोके घेणारा आकाशस्थ तुकडा, असा काहीसा त्याचा अर्थ. आकार ४० ते १०० मीटर, म्हणजे स्वारगेटच्या नेहरू स्टेडियमच्या मैदानात सहज मावेल एवढा. सूर्याभोवती फिरायला त्याला सुमारे ३६६ दिवस लागतात, जवळपास आपल्याइतकेच. पण त्याची कक्षा जराशी लांबट आहे. पृथ्वी-सूर्य अंतर १ धरलं, तर तो सूर्यापासून कधी ०.९ वर असतो, कधी १.१ वर. आणि सूर्याच्या जवळ असताना वेग जास्त, लांब असताना कमी, हा केप्लरचा नियम त्यालाही लागू आहेच.

म्हणून मी मामांच्या डावीकडून, आतल्या बाजूनं भराभर चालत निघाले आणि पुढे गेले. मग हळूहळू बाहेर सरकत चाल कमी केली. मामांनी मला गाठलं, तेव्हा मी त्यांच्या उजवीकडे होते. आणखी रेंगाळले, मागे पडले. पुन्हा आत वळून वेग वाढवला आणि फेरी संपताना परत त्यांच्या डावीकडे हजर. डावीकडे, पुढे, उजवीकडे, मागे असं बघून बघून मामांची मान दुखायला लागली. "अगं, तू तर माझ्याभोवतीच फिरलीस!"

त्यांना दिसलं तसंच होतं. मी मात्र फक्त खेळपट्टीला फेरी घातली होती. गंमत म्हणजे मैदानावर आम्ही दोघंही घड्याळाच्या उलट फिरत होतो आणि मामांच्या नजरेनं माझी त्यांच्याभोवतीची फेरी घड्याळाच्या दिशेनं झाली होती.

म्हणूनच 'दुसरा चंद्र' हे नाव मला पटत नाही. पृथ्वीची पकड साधारण १५ लाख किलोमीटरपर्यंत चालते. चंद्र ३ लाख ८४ हजार किलोमीटरवर आहे, म्हणजे पुरता आपल्या ताब्यात. कामोओआलेवा जवळात जवळ दीड कोटी किलोमीटरच्या आसपास येतो आणि लांब गेला की पावणेचार कोटींच्या पुढे जातो. उद्या पृथ्वी नाहीशी झाली, तरी तो सूर्याभोवती आपल्या वाटेनं चालत राहील. पण पृथ्वीची ओढ अगदीच वाया जात नाही. वर्षागणिक तो थोडा पुढे किंवा मागे सरकतो आणि फार सरकला की हीच हलकी ओढ त्याला परत फिरवते. ही सोबत जवळपास शंभर वर्षं चालू आहे, आणखी काही शतकं टिकेल असा हिशेब आहे. शास्त्रज्ञ अशा सोबत्याला आभासी उपग्रह म्हणतात.

"मग टिळक स्मारकाच्या गच्चीवरून दाखव की," मामा म्हणाले. तिथे ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या दुर्बिणीतून मी लहानपणी शनीची कडी पाहिली होती. पण हा तुकडा नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्यापेक्षाही लाखो पटींनी अंधुक आहे. मोठमोठ्या दुर्बिणींनासुद्धा तो मुख्यतः एप्रिलच्या सुमारासच नीट सापडतो. स्वतःभोवती मात्र २८ मिनिटांत गिरकी घेतो. आमच्या तासाभराच्या फिरण्यात तिथे दोनदा उजाडून मावळतं.

मला सगळ्यात भावते ती २०२१ मधली गोष्ट. त्याच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश तपासला, तेव्हा तो नेहमीच्या लघुग्रहांशी जुळेना. जुळला तो अपोलो १४ च्या यात्रींनी चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांशी. कदाचित लाखो वर्षांपूर्वी चंद्रावर काहीतरी आदळलं असेल आणि हा तिथून उडालेला दगड असेल. चंद्राच्या पलीकडच्या बाजूचं २२ किलोमीटर रुंदीचं जिओर्दानो ब्रुनो विवर हे त्याचं जन्मस्थान असावं, असं २०२४ मध्ये काही संशोधकांनी मांडलं.

"म्हणजे दुसरा चंद्र नाही, चंद्राचं पोर!" मामा म्हणाले.

तसं आहे का, हे दगड हातात आल्यावरच कळेल. त्यासाठी चीनचं थिएनवन-२ हे यान मे २०२५ मध्ये निघालं. नमुने २०२७ च्या अखेरीस पृथ्वीवर उतरवायचे, अशी योजना आहे.