टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो का?

खुडूक कोंबडीखाली टोकदार अंडी ठेवली तर कोंबडे निघतात, गोल ठेवली तर तलंगा, असं पूर्वापार सांगतात. तसं होत नाही. नर की मादी हे कोंबडीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर ठरतं, कवच तयार होण्याआधीच. आकार मात्र नंतर, अंडनलिकेत येतो, आणि एकाच कोंबडीची अंडी साधारण सारखीच दिसतात. मग टोकदार अंडी घालणाऱ्या कोंबडीला सगळे कोंबडेच व्हायला हवेत. तसं कुणी पाहिलंय?

स्वतः पडताळायचं तर खुडूक कोंबडीखाली फक्त टोकदार अंडीच ठेवा. २१ दिवसांनी पिल्लं निघतील. तुरे स्पष्ट होईपर्यंत दोनेक महिने थांबून मोजा. पिल्लं दोन-चारच असतील तर योगायोगाने सगळी एकाच लिंगाची निघू शकतात, म्हणून दोन-तीन खेपांचा हिशेब ठेवा. उबवणीसाठी निवडताना अंडं ताजं, स्वच्छ, न तडकलेलं आहे ना, एवढं जरूर बघा.