सोडतीची चिठ्ठी आणि संचालकाची खुर्ची

महिला दिनाच्या आठवड्यात नाशिकच्या सातपूरला एका कारखान्याच्या फाटकावर फलक झळकला होता : ‘स्त्री म्हणजे निसर्ग! आमच्या संचालक मंडळात स्त्री, म्हणून आमचा कारखाना हिरवा.’ शेअर रिक्षात शेजारी बसलेल्या मावशींनी तो वाचला आणि म्हणाल्या, “मग मागचा नाला काळा कसा हो?”

नाल्याचं राहू द्या, मला त्या फलकातला ‘म्हणून’ खटकला. संचालक मंडळात बायका असलेल्या कंपन्यांची पर्यावरणाची आणि समाजकार्याची कामगिरी सरासरीने बरी दिसते, असं बरेच अभ्यास सांगतात. पण मोठ्या कंपनीकडे अहवाल लिहायला माणसं असतात, परदेशी गिऱ्हाइकं जाब विचारतात, आणि तिथेच बायकांनाही खुर्ची मिळते. मग कशामुळे काय झालं? शिवाय २०१३च्या कंपनी कायद्याने शेअर बाजारात नोंदलेल्या आणि ठरावीक आकारापुढच्या सार्वजनिक कंपन्यांना किमान एक महिला संचालक सक्तीची केली, तेव्हा काहींनी मालकाच्या घरातलीच बाई आणून बसवली. त्याच कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्यातले २ टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतात. थोडक्यात, किती खर्चायचं याचा किमान आकडा कायद्यानेच ठरवलेला. बघायचं ते कशावर खर्चतात हे.

कारण शोधायचं तर बाईला खुर्ची योगायोगाने मिळायला हवी. कंपनीत असं कोण करणार? पण आपल्याकडे हा प्रयोग सरकारनेच करून ठेवलाय. सरपंचपदाच्या महिला आरक्षणाची सोडत आठवा : तहसील कचेरी, बरणी, चिठ्ठी काढणारं लहान पोर. गाव श्रीमंत की गरीब, पुढारलेलं की मागास, चिठ्ठीला याचा पत्ता नसतो. त्यामुळे राखीव आणि बिनराखीव गावं सरासरीने सारखीच असतात आणि पुढे जो फरक पडतो, तो आरक्षणामुळेच पडला असं म्हणता येतं. औषधाच्या चाचणीतही हेच करतात. कोणाला औषध आणि कोणाला नुसती साखरेची गोळी, हे डॉक्टर ठरवत नाही, चिठ्ठी ठरवते.

पश्चिम बंगालमध्ये पंचायतींच्या अनुक्रमांकाच्या यादीतून ठरावीक अंतराने प्रधानपदं (आपल्याकडची सरपंचपदं) बायकांसाठी राखीव केली होती. राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो (पुढे २०१९च्या अर्थशास्त्राच्या नोबेलच्या मानकरी) या अर्थतज्ज्ञांनी तिथे आणि राजस्थानात मोजमाप करून २००४ मध्ये निष्कर्ष छापले. दोन्हीकडे राखीव पंचायतींत पिण्याच्या पाण्याची कामं जास्त झाली होती. आता खरी गंमत. बंगालमध्ये रस्त्यांवरचा खर्चही वाढला, राजस्थानात मात्र रस्त्यांवरचा कमी झाला! कारण बंगालच्या बायका रस्त्यांसाठी पुरुषांपेक्षा जास्त तक्रारी करत, राजस्थानच्या कमी. ‘स्त्रीचा मूळ स्वभाव’ हे उत्तर मानलं, तर राज्याची हद्द ओलांडली की स्वभाव उलटतो असं म्हणावं लागेल. जिच्या डोक्यावर हंडा, तिला पाणी आधी सुचतं, इतकं साधं आहे ते. ‘बाई म्हणजे धरणीमाता’ ही कल्पना मला पत्रिकेतल्या मंगळाइतकीच निराधार वाटते. फक्त हिला कॉर्पोरेट कपडे चढवलेत.

आता पुन्हा कंपनीकडे. पंचायतीचा निष्कर्ष तिथे जसाच्या तसा उचलता येत नाही. प्रधानाच्या हातात निर्णय असतो, दहा जणांतल्या एकटीच्या हातात फक्त तिचं मत. पण हंड्याचा धागा लागू होतो आणि तो अवघड जागी नेतो. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर धो-धो पाऊस पडूनही उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो, हे तिथल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. नाशिक शहरातल्या गंगापूर रोडच्या फ्लॅटमधल्या संचालकबाईंना ते अहवाल वाचूनच कळणार, त्यांच्या शेजारच्या खुर्चीतल्या पुरुषाला कळतं तसंच. सेबी या बाजार-नियामक संस्थेने शेअर बाजारातल्या आघाडीच्या हजार कंपन्यांना जो शाश्वततेचा अहवाल सक्तीचा केलाय, त्यात संचालक मंडळात बायका किती टक्के, हा रकाना आहे. त्यांच्यातल्या कितीजणींनी पाणी वाहिलंय, याला रकाना नाही.