मुखस्नायूंची क्रिया व दंतमेळातील दोष

ओठ, गाल, हनुवटी व जबडा यांच्या स्नायूंचा ताण आणि वरच्या-खालच्या दातांचा न जुळणारा मेळ यांतील परस्परसंबंध. दात बाहेरून ओठ-गालांच्या आणि आतून जिभेच्या दाबात स्थिरावतात, हा विचार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिश दंतवैद्य टोम्स यांच्या लेखनात आढळतो. अमेरिकी दंतवैद्य एडवर्ड एंगल यांनी १८९९ मध्ये पहिल्या कायम दाढांच्या स्थितीवरून दोषांचे तीन वर्ग केले.

दुसऱ्या वर्गात खालची दाढ वरच्या दाढेच्या मानाने मागे असते; त्याच्या पहिल्या प्रकारात वरचे पुढचे दात पुढे झुकलेले असतात. असे मूल पाणी गिळते तेव्हा त्याचा खालचा ओठ वरच्या दातांमागे सरकतो, मेंटॅलिस हा हनुवटीचा स्नायू आवळला जातो व हनुवटीच्या कातडीवर खळगे उमटतात.

यात कारण कोणते आणि परिणाम कोणता, हा जुना वाद आहे. रॉबर्ट मॉयर्स यांनी १९४९ च्या सुमारास स्नायूंच्या विद्युत्-आलेखनाच्या आधारे टेंपोरॅलिस (कानशिलावरचा स्नायू) व इतर चर्वणस्नायूंच्या असंतुलनाकडे कारण म्हणून पाहिले. मेल्विन मॉस यांनी १९६० नंतरच्या दशकात हाडांची वाढ भोवतालच्या मऊ ऊतींच्या कार्याला अनुसरून होते असे मांडले. विल्यम प्रॉफिट यांनी १९७८ मध्ये वेगळा भर दिला. त्यांच्या मते जोराचा पण क्षणिक दाब दात फारसा हलवत नाही. विसाव्यातील हलका, तासन्‌तास टिकणारा दाब हलवतो. गिळण्याची क्रिया जेमतेम सेकंदभराची; दिवसात ती हजारदा झाली तरी एकूण वेळ पाव तासाच्या आसपासच. प्रॉफिट यांचे मत अधिक ग्राह्य वाटते. हनुवटीचे आवळणे पुष्कळदा पुढे आलेल्या दातांवर ओठ मिटण्याची धडपड असते. अंगठा चोखणे मात्र तासांच्या हिशेबाने चालते, म्हणून ते अधिक घातक.

ग्रामीण विदर्भात प्रौढांच्या स्नायू-आलेखनाचा अर्थ लावताना खर्ऱ्याची (सुपारी-तंबाखूच्या मिश्रणाची) सवय आधी विचारावी. सुपारी सतत चघळल्याने मॅसेटर हा गालातील चर्वणस्नायू जाड होऊ शकतो, आणि मुखातील तंतुमयतेत (तोंडातील अस्तर ताठर होण्याच्या विकारात) तोंड उघडणेच कमी होते. मग नोंदीतला फेर दंतमेळामुळे की खर्ऱ्यामुळे, हे सांगता येत नाही. विशेषज्ञ उपचार नागपूरचे शासकीय दंत महाविद्यालय, वर्ध्याजवळील सावंगी (मेघे) येथील दंत महाविद्यालय अशा ठिकाणी मिळतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या (२०१३) तपासणीत दंतविकार येतात. त्याच वेळी ओठ मिटण्याची व गिळण्याची पद्धत पाहता येते.

वाढीच्या वयात फ्रँकेल यांचे तोंडात बसवायचे उपकरण ओठ-गालांचा दाब दातांपासून दूर ठेवते. तोंडाने श्वास घेणाऱ्या मुलाचे नाक व घसा मात्र त्याआधी तपासावा लागतो.