युरोपची कोच सहल

युरोपातले पाच ते दहा देश एकाच आरामबसमधून, ठरलेल्या गटासोबत आणि एका टूर मॅनेजरच्या देखरेखीखाली पाहण्याच्या प्रवासाला कोच सहल म्हणतात. साधारण 8 ते 15 दिवसांच्या या सहलीत विमान फक्त जाण्यायेण्यापुरते असते, मधला सगळा प्रवास रस्त्याने होतो. हॉटेल, न्याहारी, बहुतेक जेवणे, प्रवेश तिकिटे आणि स्थानिक गाइड यांचा खर्च आगाऊ भरलेल्या रकमेत धरलेला असतो. स्थळे कोणती पाहायची हे कंपनी ठरवते. ती किती वाजता आणि किती वेळ पाहता येतील, हे मात्र बहुतांशी ड्रायव्हरच्या कामाच्या तासांचा कायदा ठरवतो. कार्यक्रमपत्रिका वाचताना हा कायदा माहीत असला तर ती नीट कळते.

पूर्वपीठिका

थॉमस कुक या इंग्रज व्यावसायिकाने 1855 साली ब्रसेल्स, कोलोन, ऱ्हाइनचा काठ, हायडेलबर्ग, स्ट्रासबर्ग आणि पॅरिस या मार्गाने गट नेला. तो प्रवास रेल्वेने आणि बोटीने झाला, पण आजच्या कोचचा उत्तरेकडचा मार्गही जवळजवळ तोच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर महामार्गांचे जाळे पसरले आणि गटाच्या प्रवासात बसने रेल्वेची जागा घेतली. 1995 मध्ये सदस्य देशांमधली सीमेवरची तपासणी काढून टाकणारा शेंगेन करार अमलात आला, सीमेवरच्या रांगा बऱ्याच कमी झाल्या. 2002 मध्ये युरोच्या नोटा आल्या आणि दर देशात पैसे बदलण्याची कटकटही गेली.

महाराष्ट्रात 1984 साली स्थापन झालेली केसरी आणि 2013 साली निघालेली वीणा वर्ल्ड या मुंबईच्या कंपन्यांनी ही सहल मध्यमवर्गीय घरांपर्यंत नेली. मराठी बोलणारा टूर मॅनेजर, रोज एकदा तरी भारतीय जेवण, शाळांच्या सुट्टीला जुळणाऱ्या तारखा आणि घरातल्या ज्येष्ठांना झेपेल असा वेग, ही त्या सहलींची ठेवण आहे. एप्रिल-मे हा त्यांचा मुख्य हंगाम. नेदरलँड्समधली कॉयकेनहॉफची ट्यूलिपबाग साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते, त्यामुळे ट्यूलिप पाहायचे असतील तर उन्हाळी सुट्टीचा पहिला निम्मा भागच उपयोगी पडतो.

कोच आणि त्यातली शिस्त

नेहमीचा कोच 12 ते 14 मीटर लांब आणि 2.55 मीटर रुंद असतो, त्यात साधारण 49 ते 53 आसने असतात. खाली सामानाची डिकी, मधल्या दाराजवळ छोटे स्वच्छतागृह आणि पुढे ड्रायव्हरशेजारी टूर मॅनेजरचे आसन असते. वेगमर्यादक यंत्रामुळे कोच ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जात नाही. थांबे आणि शहराबाहेरची कोंडी धरली तर सरासरी ताशी 65 ते 70 किलोमीटर पडते. मोबाइलच्या नकाशात तीन तास दिसणाऱ्या अंतराला म्हणूनच चार-साडेचार तास धरावे लागतात.

आसनाला पट्टा बसवलेला असेल तर तो लावणे बंधनकारक आहे. पुढची जागा सगळ्यांनाच हवी असते, म्हणून रोज दोन-दोन रांगा सरकत आसने बदलतात. ज्यांना गाडी लागते त्यांनी हे बुकिंगच्या वेळीच सांगावे, निघाल्यावर नव्हे. गरम किंवा तेलकट पदार्थ आत खाऊ देत नाहीत. उभ्या गाडीचे इंजिन चालू ठेवण्याला अनेक युरोपीय शहरांत बंदी आहे, त्यामुळे प्रवासी चढण्यापूर्वी गाडी थंड करून ठेवता येत नाही. उकाड्याबद्दल ड्रायव्हरला दोष देण्यात अर्थ नाही.

ड्रायव्हरचे घड्याळ

युरोपीय संघाचा 2006 चा नियम क्रमांक 561 कोचला लागू होतो. दिवसाला जास्तीत जास्त 9 तास ड्रायव्हिंग करता येते, आठवड्यातून दोनदा 10 तास. आठवड्याची मर्यादा 56 तास आणि लागोपाठ दोन आठवड्यांची 90 तास आहे. साडेचार तास गाडी चालवल्यावर एकूण 45 मिनिटांची विश्रांती झालीच पाहिजे. सहलींच्या गाड्यांना ती तुकड्यांत घेण्याची मुभा 2024 च्या दुरुस्तीने वाढवली, तरी एक तुकडा 15 मिनिटांपेक्षा लहान चालत नाही. काम संपल्यापासून पुन्हा सुरू होईपर्यंत रोज सलग 11 तास विश्रांती हवी. दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये ती तीन वेळा 9 तासांवर आणता येते. साप्ताहिक सुट्टी एरवी सहा दिवसांनी द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय सहलीसाठी काही अटींवर ती 12 दिवसांपर्यंत पुढे ढकलता येते, आणि एकच ड्रायव्हर पॅरिसपासून रोमपर्यंत सोबत राहू शकतो तो याच सवलतीमुळे.

या सगळ्याची नोंद टॅकोग्राफ नावाच्या यंत्रात, ड्रायव्हरच्या कार्डावर आपोआप होते. पोलिस रस्त्यात थांबवून ते कार्ड वाचतात आणि दंड जबर असतो. म्हणून 'पाच मिनिटांनी काय होतंय' हे वाक्य ड्रायव्हरपुढे चालत नाही.

हिशेब असा. सकाळी 8 ला काम सुरू झाले आणि 11 तासांची विश्रांती द्यायची असेल, तर रात्री 9 ला काम संपायला हवे. 9 तासांची सवलत वापरली तर रात्री 11 ला. कामात फक्त चाक फिरवणे येत नाही. गाडीची तपासणी, सामान चढवणे, प्रवाशांना सोडल्यावर गाडी पार्किंगला नेणे, हेही त्यातच. 45 मिनिटांच्या विश्रांतीत ड्रायव्हरने दुसरे कुठलेही काम करायचे नसते. कुणाचे जॅकेट डिकीत राहिले म्हणून त्याला मधेच उठवले, तर ती विश्रांती मोडली असे धरले जाऊ शकते. रात्री मुक्कामावर पोचल्यावर 'जरा डिकी उघडा' म्हटले की दुसऱ्या दिवसाचे निघणे लांबू शकते, तेही याचमुळे.

सगळ्यात मोठी ओढाताण पॅरिसमध्ये होते. जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो. रोषणाईतला आयफेल टॉवर बघायचा म्हणजे गट हॉटेलवर पोचेपर्यंत मध्यरात्र होते, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी 8 ला तोच कोच निघू शकत नाही. चांगल्या कार्यक्रमात त्या रात्रीसाठी दुसरी गाडी घेतलेली असते किंवा दुसऱ्या दिवशी उशिरा निघणे ठेवलेले असते. दोन्ही नसेल तर 'पॅरिस बाय नाइट' उजेडातच उरकले जाण्याची शक्यता आहे. बुकिंगच्या वेळी विचारायच्या प्रश्नांत हा पहिला असावा.

नेहमीचा मार्ग

लंडन घेतले असेल तर डोव्हर ते कॅले हा टप्पा फेरीबोटीने सुमारे दीड तासात होतो. समुद्राखालच्या बोगद्यातून कोच रेल्वेच्या डब्यात चढवून नेला तर 35 मिनिटे लागतात. पुढे पॅरिस ते ब्रसेल्स सुमारे 310 किलोमीटर, ब्रसेल्स ते ॲमस्टरडॅम 210, ॲमस्टरडॅम ते कोलोन 260. हे टप्पे सोपे आहेत. कोलोनहून ब्लॅक फॉरेस्टमार्गे स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नपर्यंतचा दिवस मात्र साडेपाचशे किलोमीटरच्या पुढे जातो. कार्ल्सरूहे किंवा बाझेलजवळ कोंडी लागली की 9 तासांची मर्यादा डोक्यावर येते, आणि मग बहुधा टिटिसे तलावाच्या किंवा शाफहाउजेनच्या ऱ्हाइन धबधब्याच्या थांब्यातून वेळ कापला जातो. हायडेलबर्ग किंवा फ्रायबुर्गजवळ मधे एक मुक्काम घेणारा कार्यक्रम महाग पडतो, पण तोच घ्यावा.

स्वित्झर्लंडात दोन-तीन रात्री एकाच हॉटेलात राहतात. एंगलबर्गहून टिटलिस पर्वतावर जाताना केबलकारने सुमारे 1,000 मीटरवरून 3,020 मीटरवर चढतात. शेवटच्या टप्प्यातली रोटएअर ही स्वतःभोवती फिरणारी केबलकार 1992 पासून चालू आहे. युंगफ्राउयोख या खिंडीतले स्टेशन 3,454 मीटरवर आहे आणि तिथली रेल्वे 1912 ची. चढण इतकी जलद असते की ज्येष्ठांना डोके दुखणे, धाप लागणे होऊ शकते. हळू चालावे, भरपूर पाणी प्यावे. हृदयविकार असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. मे महिन्यातही वर तापमान शून्याखाली जाते, म्हणून जाड तळाचे बंद बूट हवेत.

पुढे इन्सब्रुक, 1,370 मीटर उंचीची ब्रेनर खिंड आणि व्हेनिस. व्हेनिस ते फ्लॉरेन्स 260 आणि फ्लॉरेन्स ते रोम सुमारे 280 किलोमीटर. ब्रेनर आणि जवळजवळ 17 किलोमीटर लांबीचा गॉटहार्ड बोगदा उन्हाळ्यातल्या शनिवारी तुंबतात, कारण युरोपातली कुटुंबेही त्याच दिवशी सुट्टीवर निघतात.

शहरात शिरताना

जुन्या शहरांनी कोचला मध्यभागातून बाहेर ढकलले आहे. ॲमस्टरडॅमने 1 जानेवारी 2024 पासून साडेसात टनांवरच्या कोचना शहराच्या केंद्रभागात बंदी केली. फ्लॉरेन्स आणि रोममध्ये प्रवेशपरवाना लागतो. व्हेनिसला गाडी ट्रॉन्केट्टो बेटापर्यंतच जाते, पुढे सॅन मार्कोपर्यंत बोट. पुलांच्या पायऱ्यांवरून बॅगा ओढाव्या लागू नयेत म्हणून मुक्काम मुख्य भूमीवरच्या मेस्त्रे किंवा पादुआला ठेवतात. व्हेनिसने 2024 पासून गटात जास्तीत जास्त 25 माणसे ठरवली आणि ध्वनिक्षेपकांना बंदी केली. त्यामुळे पूर्ण भरलेल्या कोचचे दोन किंवा तीन गट होतात. गाइडचा आवाज कानातल्या यंत्रातून ऐकायचा, ते यंत्र रात्री परत करायचे.

याचा अर्थ चालणे. फ्लॉरेन्स, रोम, व्हेनिसच्या दिवशी पाच-सात किलोमीटर सहज होतात, तेही दगडी फरसबंदीवर. दोन आठवडे आधीपासून रोज तासभर चालायची सवय करणे, हीच खरी तयारी.

कार्यक्रमपत्रिकेत तीन शब्दप्रयोग वेगळे वाचावेत. 'भेट' म्हणजे आत प्रवेश. 'फोटोस्टॉप' म्हणजे उतरून दहा-वीस मिनिटे. 'कोचमधून दर्शन' म्हणजे खिडकीतून. पंधरा स्थळांची यादी असेल, तर त्यांपैकी किती पहिल्या प्रकारची आहेत ते मोजावे. बंद दिवसही ताडून घ्यावेत. लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद असते, व्हॅटिकनची संग्रहालये महिन्याचा शेवटचा रविवार सोडून रविवारी बंद असतात. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी बहुतेक दुकाने उघडत नाहीत. सेंट पीटर्स बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात.

कागदपत्रे

शेंगेन व्हिसा ज्या देशात सर्वाधिक रात्री आहेत त्याच्याकडे मागायचा, रात्री समान असतील तर पहिल्या प्रवेशाच्या देशाकडे. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि निदान 15 दिवस आधी व्हायला हवा. मराठी हंगामातली गर्दी पाहता दोन-तीन महिने हाताशी ठेवावेत. 11 जून 2024 पासून शुल्क प्रौढांना 90 युरो, 6 ते 11 वर्षांच्या मुलांना 45 युरो आहे. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. पासपोर्ट परतीनंतर आणखी तीन महिने वैध, गेल्या दहा वर्षांत काढलेला आणि दोन पाने कोरी असलेला हवा. ब्रिटनचा व्हिसा वेगळा. शेंगेनमधून ब्रिटनला जाऊन परत यायचे असेल, तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा आहे ना ते पाहावे.

सीमा उघड्या असल्या तरी तपासणी होते. जर्मनीने सप्टेंबर 2024 मध्ये सर्व भूसीमांवर ती पुन्हा सुरू केली. पासपोर्ट अंगावर ठेवायचा, डिकीतल्या बॅगेत नाही.

पैसा, पाणी, करपरतावा

स्वित्झर्लंडात फ्रँक चालतो. नळाचे पाणी बहुतेक ठिकाणी पिण्याजोगे असते, रिकामी बाटली जवळ ठेवली की पैसे वाचतात. महामार्गावरची स्वच्छतागृहे बहुधा सशुल्क असतात. जर्मनीतल्या अनेक थांब्यांवर 1 युरो लागतो आणि तेवढ्याच किमतीची खरेदीची पावती मिळते, म्हणून सुटी नाणी हवीत. कोचमधले स्वच्छतागृह अडीनडीलाच वापरायचे असते.

खरेदीवरचा कर परत मिळवायचा तर फ्रान्समध्ये एका बिलात 100 युरोंच्या वर, इटलीत 70 युरोंच्या वर खरेदी हवी. कागदांवर शिक्का युरोपीय संघाच्या शेवटच्या देशातून बाहेर पडताना मिळतो. स्वित्झर्लंड संघात नाही. तिथे विकत घेतलेल्या घड्याळाच्या कागदांवर शिक्का स्विस सीमा ओलांडतानाच घ्यावा लागतो. कोच तिथे न थांबता निघून गेला तर तो परतावा बुडतो. टूर मॅनेजरला आदल्या संध्याकाळीच सांगून ठेवावे.

बिघडते कुठे

पासपोर्ट चोरीला जाणे ही सर्वांत मोठी अडचण. पॅरिसची मेट्रो, लूव्रचा परिसर, रोमचे तेर्मिनी स्थानक इथे खिसेकापूंचा वावर असतो. चोरी झाल्यास आधी पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी, मग भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावास गाठावा. तिथून मिळणारे आपत्कालीन प्रमाणपत्र फक्त भारतात परतण्यासाठी असते. त्यावर सहल पुढे चालू ठेवता येत नाही. पासपोर्ट आणि व्हिसाच्या पानाची प्रत व दोन फोटो वेगळ्या बॅगेत असतील तर काम लवकर होते.

कुणी आजारी पडले तर रुग्णालयात भरती होण्यापूर्वी किंवा होताच विमा कंपनीच्या मदतक्रमांकावर फोन करावा, नाहीतर दावा अडतो. टूर मॅनेजर गटासोबत पुढे जातो. रुग्णाजवळ नातेवाईक थांबतो, आणि बरे झाल्यावर रेल्वेने गट गाठण्याचा खर्च बहुधा प्रवाशालाच करावा लागतो. पॉलिसी घेतानाच तिच्यात सहल अर्धवट सोडावी लागण्याचे कलम आहे का आणि आधीपासूनचे आजार धरलेले आहेत का, या दोन गोष्टी तपासाव्यात.