सिरियल किलर थरारपट (हिंदी)

एकामागून एक खून करणाऱ्या माणसाच्या मनात शिरू पाहणारा हिंदी चित्रपटाचा एक प्रकार. अशा खुन्याला मराठी वर्तमानपत्रे ‘माथेफिरू’ म्हणतात, नाक्यावरची पोरे ‘सायको’. पैसा, जमीन, भाऊबंदकी असा ओळखीचा हेतू या खुनांमागे सापडत नाही. म्हणून ‘खून कोणी केला’ हे कोडेही इथे बहुतेक वेळा दुय्यम असते. खुनी लवकरच कळतो आणि उरलेला वेळ प्रेक्षकाला त्याच्या संगतीत काढावा लागतो.

नव्वदचे दशक सरताना हा प्रकार हिंदीत रुळला. तनुजा चंद्रा यांच्या ‘दुश्मन’ (१९९८) आणि ‘संघर्ष’ (१९९९) या चित्रपटांतल्या भूमिकांसाठी आशुतोष राणा यांना लागोपाठ दोन वर्षे खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. ‘दुश्मन’मधला विकृत खुनी पोस्टमन आहे, म्हणजे ज्याला आपण स्वतःहून दार उघडतो असा माणूस. राम गोपाल वर्मा यांच्या ‘कौन’मध्ये (१९९९) एक घर, बाहेर पाऊस, तीन माणसे आणि एकही गाणे नाही. त्याचा शेवट इथे सांगत नाही. न पाहिलेल्यांचा तेवढा हक्क राखलेला बरा. ‘एक व्हिलन’मधला (२०१४) रितेश देशमुखचा राकेश महाडकर तर आडनावानेच मराठी. घरी बायकोची बोलणी खाऊन बाहेर बायकांचे खून करणारा हा नोकरदार डोंबिवली-ठाणे गाडीत चौथ्या सीटवर टेकलेला सहज वाटतो, आणि भीती नेमकी त्या वाटण्याची आहे.

प्रत्यक्षातल्या खुन्यांपैकी या प्रकाराला सर्वांत जास्त पुरला तो रमन राघव. साठच्या दशकात मुंबईच्या उपनगरांत फुटपाथवर आणि झोपड्यांत झोपलेल्या लोकांना त्याने ठार मारले. त्यांतले बरेच खून ठाण्याकडे येणाऱ्या मध्य रेल्वेच्या मार्गालगत झाले. मुंबई पोलिसांतले अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे तपासाची सूत्रे होती. ऑगस्ट १९६८ मध्ये उपनिरीक्षक अॅलेक्स फियाल्हो यांनी त्याला पकडले. पोलिसांनी कोंबडीचे जेवण दिल्यावर तो बोलता झाला आणि मग ४१ खुनांची कबुली दिली, असे सांगतात. श्रीराम राघवन यांनी १९९१ मध्ये रघुवीर यादव यांना घेऊन त्याच्यावर छोटा चित्रपट केला. अनुराग कश्यप यांचा ‘रमन राघव २.०’ (२०१६) मात्र त्याची कथा नाही, आणि तसे तो सुरुवातीलाच बजावतो. त्यातला रमन्ना (नवाजुद्दीन सिद्दीकी) आजच्या मुंबईत फिरतो आणि नशेत बुडालेला पोलीस अधिकारी राघवन (विकी कौशल) हाच आपला दुसरा अर्धा भाग आहे, असे मानतो. चित्रपट कान महोत्सवाच्या ‘डायरेक्टर्स फोर्टनाइट’ विभागात दाखवला गेला. मराठी प्रेक्षकाच्या मनातून जात नाही तो बहिणीच्या घरचा प्रसंग: अमृता सुभाषची लक्ष्मी भावाला नीट ओळखते, म्हणूनच घाबरलेली असते. रक्त फारसे न दाखवता हिंदीत एवढी धास्ती क्वचितच उभी राहिली असेल.

या चित्रपटांची पंचाईत ‘सायको’ या शब्दापाशी होते. भास होणे, वास्तवाचे भान सुटणे हा मनोविकार. दुसऱ्याच्या वेदनेचे काहीच न वाटणे ही निराळी गोष्ट. पडद्यावर दोन्हींची खिचडी होते. कायद्याचा प्रश्न तिसराच असतो. भारतीय दंड संहितेच्या कलम ८४ नुसार (आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२) कृत्य करताना, मन ठिकाणावर नसल्यामुळे, आरोपीला त्या कृत्याचे स्वरूप किंवा ते चूक वा बेकायदा असल्याचे कळत होते का, एवढेच पाहिले जाते. नुसते निदान सुटकेला पुरत नाही.

ठाण्यात हा गोंधळ जास्त टोचतो. इथले प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ चे, १,८५० खाटांचे. ‘याला ठाण्याला पाठवा’ हा मुंबईकरांचा जुना विनोद. ठाणेकर तो कसनुसे हसून सोडून देतात. याच शहरात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ‘आयपीएच’ ही मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली. उपचार घेणारी बहुतेक माणसे कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत, हे ज्यांच्या घरी असा रुग्ण आहे त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. थरारपटाला ते कथेच्या सोयीचे नसते. मराठीत सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी ‘देवराई’मध्ये (२००४) छिन्नमनस्क, म्हणजे स्किझोफ्रेनिया झालेला, नायक (अतुल कुलकर्णी) आणि त्याच्यासाठी ओढाताण सोसणारी बहीण दाखवली. लक्ष्मीशेजारी ही बहीण ठेवून पाहावी.

खऱ्या रमन राघवला १९६९ मध्ये फाशीची शिक्षा झाली. त्याने अपील केले नाही. शिक्षा कायम करण्याआधी उच्च न्यायालयाने तीन मानसोपचारतज्ज्ञांचे मंडळ नेमायला लावले. शेवटच्या भेटीत त्यांनी निरोपाचा हात पुढे केला, तेव्हा त्याने तो घेतला नाही; आपण ‘कानून’चे प्रतिनिधी आहोत, या दुष्ट जगातल्या माणसांना शिवत नाही, असे तो म्हणाला. मंडळाने जुनाट स्किझोफ्रेनियाचे निदान केले. १९८७ मध्ये फाशीऐवजी जन्मठेप झाली आणि १९९५ मध्ये मूत्रपिंडाच्या विकाराने तो पुण्याच्या ससून रुग्णालयात मरण पावला.