पोटातला वायू श्वासात दिसतो

दुर्बिणीने पित्ताशय काढायचे तर आधी पोटात जागा करावी लागते. आत सगळे अवयव एकमेकांना टेकलेले असतात. त्यासाठी बेंबीपाशी वेरेस सुई (पोटात वायू भरायची पोकळ सुई) घालून कार्बन डायऑक्साइड भरतात. हवा का नको? ती चुकून शिरेत शिरली, तर तिच्यातला नायट्रोजन रक्तात सहज विरघळत नाही आणि बुडबुडा थेट हृदयात जाऊन अडतो. कार्बन डायऑक्साइड झटकन विरघळतो, शिवाय डागणीच्या ठिणगीने पेटत नाही.

सुरुवातीला मिनिटाला साधारण 1 लिटर वायू सोडतात. दाब लगेच 10 मिमी पाऱ्याच्या वर गेला, तर सुई बहुधा चुकीच्या थरात आहे. सगळे ठीक असेल तर वेग वाढवून दाब 12 ते 15 मिमीवर आला की थांबतात. दाब 20 च्या पुढे गेला की पोटातली महाशीर दबते आणि हृदयाकडे परतणारे रक्त घटते.

विरघळण्याचा गुण भूलतज्ज्ञाला मात्र कामाला लावतो. पोटाच्या आवरणातून शोषलेला वायू फुप्फुसांनीच बाहेर टाकायचा, म्हणून व्हेंटिलेटरवर दर मिनिटाला दिला जाणारा एकूण श्वास 15 ते 25 टक्के वाढवतात. उच्छ्वासाच्या शेवटी कॅप्नोग्राफवरचा (श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा 35 ते 40 मिमीच्या आसपास ठेवायचा. श्वास वाढवूनही तो चढतच राहिला, तर गळ्याची, छातीची कातडी चाचपावी. बोटाखाली करकर जाणवली की वायू त्वचेखाली पसरतो आहे. आकडा एकाएकी कोसळला आणि रक्तदाबही पडला, तर वायूचा बुडबुडा रक्तात शिरल्याची शंका घ्यायची: वायू भरणे बंद, पोटातला वायू बाहेर, 100 टक्के ऑक्सिजन, रुग्ण डाव्या कुशीवर, डोके खाली. (व्हेंटिलेटरच्या नळीचा जोड सुटला तरी आकडा पडतो, पण रक्तदाब लगेच ढासळत नाही.)

पोट फुगताना नाडी अचानक 40 वर येते, कधी हृदय क्षणभर थांबते; आवरण ताणल्याने हृदयाची गती मंदावणारा व्हेगस मज्जातंतू चेततो. आधी पोटातला वायू बाहेर सोडायचा, मग ॲट्रोपिन हे नाडी वाढवणारे औषध. उलटा क्रम ही हमखास होणारी चूक.

श्वासपटल वर ढकलले जाते, तशी श्वासनलिकाही वर सरकते. श्वासासाठी घशातून घातलेली नळी तोंडाशी पक्की बांधलेली असल्याने तिचे टोक श्वासनलिकेच्या उजव्या शाखेत उतरते, ऑक्सिजन घसरतो. डाव्या छातीत आवाज नसेल तर नळी एक-दोन सेंटिमीटर मागे ओढली की भागते.

शस्त्रक्रियेनंतर खांदा दुखतो, कारण श्वासपटलाचा आणि खांद्याचा मज्जातंतू मानेत एकाच ठिकाणाहून निघतो. टाके घालण्यापूर्वी पोटात घातलेल्या नळ्यांच्या झडपा उघड्या ठेवून, फुप्फुसे नीट फुगवून उरलेला वायू काढला, तर हे दुखणे बरेच कमी होते.